भीतीचा रकाना

दुसऱ्या दिवशी वर्ग असला की मास्तर आदल्या दुपारपासून पेजेवर असत. तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ, बस्स. पोटात दुसरं काही ठरतच नसे. तीस वर्षं निरनिराळ्या वर्कशॉपांतून माणसं शिकवलेला हा गृहस्थ, पण उद्या सकाळी दहा वाजता अकरा जणांपुढे उभं राहायचं म्हटलं की त्यांचे हात कापायला लागत. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हातारा आजारी आहे. मी मोठ्या मनाने म्हणालो, "मास्तर, आपण विश्रांती घ्या. उद्याचा वर्ग मी घेतो."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुम्हाला भीती वाटत नाही?"

"छे! त्यात भ्यायचं काय? अकरा तर माणसं."

"मग तुम्ही मुळीच घेऊ नका," ते म्हणाले आणि पेजेची वाटी तोंडाला लावली.

मला राग आला होता. मी काही कालचं पोर नव्हतो. तळवड्याच्या प्राथमिक शाळेत सहा वर्षं चार-चार इयत्ता एकाच खोलीत सांभाळलेला मास्तर होतो मी. शाळा सोडून चिंचवड आणि आकुर्डीच्या मधल्या माळावर निघालेल्या कारखान्यात लागलो होतो. आज त्या कारखान्याची भिंतसुद्धा उरलेली नाही. तिथे इंजेक्शनच्या औषधाच्या लहान काचेच्या बाटल्या भरायच्या होत्या. माळालगतच्या वाड्यांची जमीन कारखान्याखाली गेली होती आणि मालकांनी शब्द दिला होता की घरटी एका माणसाला आत कायमचं काम मिळेल. अट एकच. बाटल्या भरायच्या खोलीत जाणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत, अगदी डॉक्टरी अर्थाने स्वच्छ, आणि तशी परीक्षा पास व्हायला हवी. जो नापास होईल त्याने बाहेर माती खणायची, गोण्या उचलायच्या, तेही रोजंदारीवर. जमीन तर गेलेलीच होती. म्हणजे त्या अकरा जणांचं सगळं पुढचं आयुष्य आमच्या पत्र्याच्या शेडमधल्या दोन महिन्यांच्या शिकवणीवर टांगलेलं होतं. शिकवणीचे मुख्य मास्तर आणि त्यांच्या हाताखाली मी. लोक त्यांना मास्तर म्हणत आणि मला गुरुजी.

दिसायला मास्तर म्हणजे सरळ उभी केलेली काठी. काळी टोपी, गुडघ्याला पोचणारी खाकी चड्डी, उजव्या कानावर काळी पेन्सिल आणि डाव्या कानावर लाल. वर्गाचा आराखडा ते पाठकोऱ्या कागदावर करत. कागदाला उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने पाडायचे. पहिल्यावर लिहायचं 'वेळ', दुसऱ्यावर 'काम'. हे मलाही ठाऊक होतं, शाळेत पाठाचं टाचण आम्हीही काढायचो. तिसऱ्या रकान्यावर मात्र लाल पेन्सिलीने 'भीती' असं लिहिलेलं असे.

भीतीच्या रकान्यात काय काय असायचं! 'दहा पाच – कालचं विचारणे – कुणालाच आठवणार नाही.' 'दहा वीस – बाटली धरून दाखवणे – मागच्या बाकाला दिसणार नाही.' 'अकरा – पत्रा तापेल, डोळे मिटतील.' एकदा नुसतं 'जावई' असं लिहिलेलं होतं. मी हसलो तर म्हणाले, "हसू नका. सखारामबुवांचा जावई त्याच बाकावर बसतो. जावयादेखत सासऱ्याला फळ्याजवळ बोलावलंत आणि त्याचं चुकलं, तर तो माणूस उद्यापासून यायचा नाही. पोटदुखीचं निमित्त सांगेल. आणि जावयाला आधी बोलावलंत तर तो मुद्दाम चुकेल, सासऱ्याच्या पुढे जायला नको म्हणून. दोघांचीही नोकरी बुडेल, गुरुजी, आणि आपल्याला वाटेल की माणसं मठ्ठ आहेत."

"मग करायचं काय?"

"तेच तर दोन दिवस सुचत नव्हतं. आता जावयाला बाटल्या आणायला पाठवायचं, आणि तेवढ्यात बुवांचं आटपून घ्यायचं."

बाकांवर माणसं यायच्या आधी मास्तर स्वतः प्रत्येक जागेवर बसून पाहत. अकरा जागा, अकरा वेळा. कुठून खांब आडवा येतो, कुठे उन्हाची तिरीप डोळ्यावर पडते, कुठल्या बाकाचा खिळा टोचतो. मग रिकाम्या शेडमध्ये घड्याळ लावून सगळा वर्ग मोठ्याने घेत. स्वतःच प्रश्न विचारायचे, स्वतःच मागच्या बाकावर धावत जाऊन सखारामबुवांच्या आवाजात उत्तर द्यायचे. दारावरच्या पहारेकऱ्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "गुरुजी, ह्यांचं घरचं कुनी न्हाई का? कुनाला तरी दाखवाया पायजे." मलाही मनातून तसंच वाटत होतं.

दोन शब्दांवर मास्तरांची सक्त बंदी होती: "समजलं का?" वर्गात चुकून माझ्या तोंडून गेले तर तिथल्या तिथे पेन्सिल आपटत. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. मागे एका वर्कशॉपात त्यांनी पत्रा कापायच्या यंत्रावर एका प्रौढ गृहस्थाला शिकवलं होतं. सगळं सांगून झाल्यावर विचारलं, समजलं का? गृहस्थ म्हणाला, हो. "वयानं माझ्याहून मोठा होता तो. मला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणाला. चौथ्या दिवशी त्याची तीन बोटं गेली." पुढे म्हणाले, "मोठी माणसं फार सभ्य असतात, गुरुजी. पोरं जांभया देतात, खोड्या काढतात, निदान कळतं तरी. मोठी माणसं मान हलवतात."

मला हे त्या वेळी पटलं नव्हतं. माझ्या पहिल्या वर्गाला मी फळाभर चित्रं काढून जंतू या विषयावर तासभर बोललो. काय तो माझा ओघ! कुणी जांभई दिली नाही. दर दोन मिनिटांनी मी थांबायचो आणि अकरा माना हलायच्या. "व्हय गुरुजी." "बराबर हाय." मी घाम पुसत खाली बसलो आणि मास्तरांकडे ऐटीत पाहिलं. त्यांनी सखारामबुवांना जवळ बोलावलं. पंचेचाळिशीचा, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला शेतकरी.

"बुवा, गुरुजींनी काय सांगितलं?"

"लई झ्याक सांगितलं."

"ते खरं. पण काय?"

बुवांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "त्येच की. किडं असत्यात. दिसत न्हाईत, पर असत्यात. आता गुरुजी एवढं म्हनत्यात म्हंजी असतीलच."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्ग घेतला. बोलले फारच थोडं. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांकडून काचेच्या चपट्या झाकणाच्या बशा आणल्या होत्या. तळाला खळीसारखा पिवळट थर. प्रत्येकाला आपापली बोटं त्या थरावर हलकेच टेकवायला लावली आणि झाकण लावून वर नाव लिहिलं. "आज पेरलंय," म्हणाले, "परवा बघू काय उगवतं." वर्ग संपला. मला तर ही निव्वळ कामचुकारी वाटली. पण दोन दिवसांनी उबेच्या कपाटातून बशा निघाल्या तेव्हा अकराही जण एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून पाहत होते. प्रत्येक बशीत बोटांच्या ठशावर पांढरे, पिवळे, हिरवट ठिपके दाट उगवले होते. सखारामबुवांनी आपली बशी उजेडात धरली, मग आपली बोटं धरली, मग पुन्हा बशी. "आरं तिच्या! ह्ये समदं माज्या हातावर हुतं? आन् म्या ह्याच हातानं भाकर खाल्ली?" त्या दिवसापासून जंतू आहेत की नाहीत हा प्रश्न आमच्या शेडमध्ये कुणी काढला नाही.

मास्तर पुढे दोनच वर्षांनी तो कारखाना सोडून गेले आणि काही काळाने वारल्याचं कळलं. मी नंतर उभी हयात कारखान्यांतून माणसं शिकवण्यात घालवली. लोक मला चांगला शिकवणारा म्हणत. त्यात माझं काय होतं आणि त्यांचं काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी त्या पहिल्या तुकडीबद्दल बोलायची वेळ आली की मी बशांचा किस्सा रंगवून सांगायचो आणि तिथेच थांबायचो. पुढचं सांगायचो नाही.

आता सांगतो. अकरांमधला अकरावा होता भिवा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. त्याच्या बापाची इनामी जमिनीची पट्टीही माळाबरोबर गेली होती, म्हणून यादीत त्याचं नाव होतं. तिशीचा, कमी बोलणारा, कामाला वाघ. बाकावर तो अगदी टोकाला बसे. त्याच्या आणि शेजारच्याच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी राही, आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

एकदा धुतलेले हात कशालाही लागू द्यायचे नाहीत हे पटवायला मी वर्गात म्हणालो होतो, "आपली आई नाहीतर आजी सोवळ्यात असली की कशी वागते? कुणाला शिवत नाही, कशाला शिवू देत नाही. तस्सं!" सगळे खूष. "हां, आता कसं ध्यानात आलं!" असं सखारामबुवांचा जावई ओरडलासुद्धा. मी खुशीत घरी निघालो तर मास्तर माझ्या मागून सायकल हातात धरून चालत आले.

"तुमच्या उदाहरणानं दहा जणांना समजलं," ते म्हणाले. "अकराव्याला काय समजलं?"

मला पटकन लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा कान तापले. "तसं माझ्या मनात नव्हतं," मी म्हणालो.

"मनात नव्हतं हे मला माहीत आहे. आराखड्यात असायला हवं होतं." आणि सायकलवर टांग टाकून गेले.

कारखान्यात आत पायाने दाबायचे नळ बसवले होते, हात धुताना कशाला स्पर्श नको म्हणून. आमच्या शेडमध्ये मात्र नळच नव्हता. म्हणून शिकताना दोघादोघांनी मिळून हात धुवायचे: एकाने उकळून गार केलेलं पाणी तांब्याने घालायचं, दुसऱ्याने साबण लावून कोपरापर्यंत हात, नखं, बोटांच्या बेचक्या घड्याळात वेळ पाहून घासायच्या, आणि लगेच बशीवर बोटं टेकवायची. मग तांब्याची अदलाबदल. मास्तरांचं म्हणणं असं की पाणी घालणारा धुणाऱ्याहून जास्त शिकतो, कारण दुसऱ्याची चूक त्याला समोर दिसते. त्या आठवड्यात मास्तर आत भरायच्या खोलीच्या तयारीत अडकले होते, म्हणून हे धडे माझ्यावर सोपवलेले. जोड्या लावायच्या होत्या. मी म्हणालो, "घ्या आपापला जोडीदार." ते मिनिटात आपसात उभे राहिले.

दोन दिवसांनी बशा उघडल्या. दहा बशा स्वच्छ. भिवाच्या बशीत ठिपके.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "शनिवारी शेवटची परीक्षा. ह्याच्या बशीत पुन्हा उगवलं तर हा बाहेर. मी औषधाशी खेळ करू देणार नाही." त्यांचं काही चुकत नव्हतं. ते औषध आजारी माणसांच्या रक्तात जायचं होतं.

मी भिवाला नवा ब्रश दिला. नखं कापायला लावली. तो इतकं घासायचा की बोटांच्या कडांची कातडी निघाली, लाल झाली. मंगळवारी पुन्हा बशी, आणि गुरुवारी पुन्हा ठिपके. भिवा त्या बशीकडे पाहत राहिला. "गुरुजी, लेकरांची आन, म्या घासतोय," एवढंच म्हणाला. घरी त्याला तीन लेकरं होती, आणि पट्टी तर आता तारेच्या कुंपणाच्या आत होती.

त्या संध्याकाळी मी मास्तरांना म्हणालो, "मी सगळं करून पाहिलं. काही माणसांच्या हातांतच…" आणि वाक्य तिथेच सोडलं. पुरं केलं नाही याचा मला आजही काडीचा दिलासा वाटत नाही. जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं होतं. मास्तरांनी फक्त विचारलं की भिवा हात धुताना नेमका कुठे उभा राहतो.

शुक्रवारी सकाळी मी शेडवर पोचलो तेव्हा ते आधीच आलेले होते. भिवा उभा राहायचा त्याच कोपऱ्यात, चड्डीवर पाणी उडालेलं. त्यांनी तांब्याच्या काठाला आणि पोटाला खडूची भुकटी चोळून ठेवली होती आणि एकट्याने हात धुतले होते. "या," म्हणाले आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. कोपरापासून मनगटापर्यंत हात स्वच्छ, आणि बोटांवर, तळव्यावर पांढरा खडू.

"साबण लावून झाला की पाणी लागतं. पाणी घ्यायला तांब्या उचलावा लागतो, घासलेल्या हातानं. कितीही घासा, शेवटी तांब्या धरायचाच. तो कातडं सोलून निघेपर्यंत घासतोय आणि पुन्हा तांब्या धरतोय." त्यांनी हात पुसले. "माणसं अकरा. जोड्या पाच. तुम्ही रोज इथं उभे होतात ना, गुरुजी? ह्याच्या हातावर पाणी कोण घालत होतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला दिसलं नाही?"

खरं सांगायचं तर दिसलं होतं. दहा जण एकमेकांच्या हातावर पाणी घालतायत आणि एक जण कोपऱ्यात आपलं आपण घेतोय, हे मी रोज उघड्या डोळ्यांनी पाहत होतो. पण विहिरीवर, शाळेत, लग्नकार्यात जन्मभर तसंच पाहिलेलं. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मनाला शिवलंच नव्हतं. माझ्याच शाळेत वस्तीवरची दोन पोरं पाण्याच्या सुट्टीत बाजूला उभी राहायची आणि त्यांच्या ओंजळीत वरून पाणी घालणारा मीच असायचो. त्यातही आपण फार सुधारक आहोत असं मला वाटायचं.

मास्तर रागावतील असं मी समजलो होतो. ते बाकावर मटकन बसले. "चूक माझी. अकराच्या अकरा जागांवर बसून पाहिलं मी. पाण्यापाशी नाही उभा राहिलो. एका माणसाचा संसार गेला असता माझ्या हातून."

मग त्यांनी नवा कागद घेतला. वर्गाला तास उरला होता आणि परीक्षेला एक दिवस. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो. 'दहा – हात धुणे, जोडीने. जोड्या सहा. सहावी – भिवा आणि गुरुजी. आधी गुरुजी पाणी घालतील. मग भिवा घालेल, गुरुजी धुतील.' कानावरची लाल पेन्सिल काढून त्यांनी तिसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहिला: 'गुरुजी'.

मला ते झोंबलं. मी काही म्हणणार तोवर माणसं यायला लागली. पण तास सुरू होईपर्यंत राग कुठल्या कुठे गेला होता. चिंचवडला आमच्या दोन खोल्या. आईची देवपूजा. सखारामबुवांच्या वाडीचे निम्मे लोक आमच्या घरमालकाकडे भाजी घेऊन यायचे. जे शेडमध्ये होईल ते दुपारपर्यंत आमच्या दारात पोचणार होतं. पहिल्यांदाच मला एका वर्गाची भीती वाटत होती.

मास्तरांनी जोड्या वाचल्या. आपलं नाव ऐकून भिवाने चमकून वर पाहिलं. मी तांब्या उचलला आणि त्याच्या हातावर धार धरली. त्याच्या बोटांच्या सोललेल्या कडांना साबण झोंबत असणार, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याने घड्याळाप्रमाणे पुरतं घासलं, कशालाही न शिवता बशीवर बोटं टेकवली. फार सोपं गेलं ते. घालणारा मी होतो.

मग भिवाने तांब्या घेतला आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. बाकीच्या पाच जोड्या थबकल्या होत्या. सखारामबुवा मिशीवर हात ठेवून पाहत होते.

"माझी कुठे परीक्षा आहे?" मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "मला धुवून काय करायचंय? वेळ जातो उगाच. भिवाचं झालं, म्हणजे झालं."

"व्हय, व्हय," भिवा घाईघाईने म्हणाला आणि तांब्या खाली ठेवला. "गुरुजींना कशापाई तरास." त्याने मला वाचवलं. मी एवढा सुटकेचा श्वास सोडला की तो सगळ्यांना ऐकू गेला असेल. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढचं काम सांगितलं.

शनिवारी डॉक्टरांसमोर परीक्षा झाली. भिवाच्या हातावर पाणी मीच घातलं. रविवार आणि सोमवार बशा उबेच्या कपाटात. ते दोन दिवस मास्तर कपाटाभोवती फेऱ्या घालत होते. माझीही अन्नावरची वासना गेली होती. अकराही बशा माझ्या डोळ्यांसमोर होत्या, पण खरं तर एकच होती. सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी एक एक झाकण उचललं. नऊ, दहा. अकराव्या बशीला त्यांनी जास्त वेळ घेतला, भिंगातून पाहिलं, आणि माझ्या हातात दिली. पिवळट थर, नितळ. एकही ठिपका नव्हता.

"शाब्बास, गुरुजी," डॉक्टर म्हणाले. भिवा दाराशी उभा होता. त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्यापुढे हात जोडले. "तुमच्यामुळं झालं, गुरुजी. तुमी पानी घातलंत." मला तिथे उभं राहवेना.

शेडमध्ये मास्तर निकालाचा तक्ता भरत होते. मालकांकडे जायचा तक्ता, शिकणाऱ्यांची अकरा नावं, समोर 'पास'. स्वतःजवळ ठेवायच्या प्रतीवर मात्र त्यांनी खाली पेन्सिलीने बारावी ओळ लिहिलेली होती. त्यात माझं नाव होतं आणि समोर 'पुन्हा'.

"हे काय?" मी भडकलो. "मास्तर, मी शिकवणारा आहे इथे. शिकायला आलेलो नाही."

"म्हणून तर अवघड आहे," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. डोळे खोल गेलेले, दोन दिवसांची दाढी वाढलेली. "अकरांचं मला काहीतरी सुचत गेलं. कुणाच्या जावयाला बाटल्या आणायला पाठवलं, कुणाला बशी दाखवली. तुमच्यासाठी काय आखावं ते सुचत नाही मला, गुरुजी. शुक्रवारपासून विचार करतोय. सुचत नाही."

त्यांनी रागावायला हवं होतं. मी तो कागद त्यांच्यासमोरून ओढून घेतला, फाडायला म्हणून, आणि तसाच परत ठेवला.

मंगळवारी सकाळी अकरा जण भरायच्या खोलीत गेले. आत पायाचे नळ. तिथे आता कुणी कुणाच्या हातावर पाणी घालायचं कारणच उरलं नव्हतं. भिवाला माझी गरज नव्हती, आणि मी टाळलेली पाळी परत यायची सोय कुठल्याही आराखड्यात नव्हती. सकाळभर मी शेडमध्ये रिकाम्या बाकांवर बसून होतो.

दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला. माणसं बाभळींच्या सावलीत भाकरी सोडून बसली. भिवा त्यांच्यापासून दहा पावलांवर, घरून आणलेला पितळी लोटा शेजारी ठेवून. मी सरळ त्याच्याकडे गेलो. कुणीकुणी खाता खाता थांबलं, ते मला न पाहताही कळत होतं.

"भिवा," मी म्हणालो, "तहान लागलीय. पाणी घाल."

तो गडबडून उठला. "गुरुजी, ह्ये माज्या घरचं पानी हाय."

"हो. घाल." मी वाकून ओंजळ केली.

त्याने लोटा उचलला. हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब केला आणि उंचावरून धार सोडली. निम्मं पाणी माझ्या मनगटांवरून मातीत गेलं.

"जरा खाली धर," मी म्हणालो.

"खाली?" त्याला खरंच कळेना. लोटा तसाच हवेत राहिला. "आमच्या वंजळीत पानी नेमी वरनंच आलं, गुरुजी. जवळनं कसं घालत्यात, ठावं न्हाई."

मग मीच हात वर नेले, लोट्याच्या काठाला लागेपर्यंत.